दीर्घ थकव्याचा आजार आणि विषाणूविरोधी औषधं: भावाला द्यावं की नाही?

केतकीवन

नमस्कार मंडळी. लिखाण लांबणार आहे, पण थोडक्यात सांगण्यासारखा विषय नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला होता. तिशी नुकतीच ओलांडलेली, ट्रेकिंगला जाणारा. एका पावसाळ्यात ताप आला, घसा बसला, मानेला गाठी आल्या. ताप उतरला, पण पुढे तो पूर्वीसारखा झालाच नाही. आंघोळ केली की दुपारपर्यंत पडून राहावं लागतं. कोणी भेटायला आलं, तासभर गप्पा झाल्या, की त्याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजतो: अंग ठणकतं, उजेड सहन होत नाही, साधं वाक्य वाचून कळत नाही. थायरॉईड, बी-१२, शुगर, लिव्हर, सगळं नॉर्मल. मानसिक आहे, लग्न करून द्या, आळस आहे, हे सगळं ऐकून झालं. शेवटी मुंबईतल्या एका डॉक्टरांनी शांतपणे तासभर ऐकून घेतलं आणि निदान सांगितलं: एमई/सीएफएस, म्हणजे ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात तो आजार.

आता मुद्दा. परदेशातल्या रुग्णांच्या एका गटात कोणीतरी भावाला सांगितलं, की एपस्टाइन-बार आणि एचएचव्ही-६ या विषाणूंच्या अँटिबॉडी तपासून घे. तपासल्या. दोन्हींचा आयजीजी, म्हणजे एका प्रकारच्या अँटिबॉडींचा आकडा, बराच वर आला. लगेच सल्ला आला: सहा महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी घे, अमेरिकेत लोक उठून उभे राहिलेत. इथे गोळी मिळते, महाग आहे, पण आई म्हणते दागिने मोडू. घरात रोज हाच विषय.

मी डॉक्टर नाही. पण गेले काही महिने मिळेल ते वाचते आहे, आणि ही गोष्ट नवीन नाही हे पाहून चकित झाले. १९८४-८५ साली अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या लेक टाहोकाठी इन्क्लाइन व्हिलेज नावाच्या छोट्या गावात माणसं अशीच आजारी पडायला लागली. पॉल चेनी आणि डॅनियल पीटरसन हे तिथले दोन डॉक्टर. त्यांनी अटलांटाच्या सीडीसीला, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेला बोलावलं. तेव्हा सगळ्यांचा संशय एपस्टाइन-बारवर होता, आजाराला 'क्रॉनिक ईबीव्ही' म्हणत. पण अँटिबॉडी धडधाकट लोकांतही सापडत होत्या. १९८८ मध्ये नाव बदलून क्रॉनिक फटीग सिंड्रोम झालं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतल्या स्टीफन स्ट्राउस यांनी असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाची चाचणी छापली. २७ रुग्ण, सगळ्यांच्या ईबीव्हीच्या अँटिबॉडी वाढलेल्या. प्रत्येकाला एकदा खरं औषध आणि एकदा प्लासिबो (दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं), आधी आठवडाभर शिरेतून, मग महिनाभर गोळ्या. चाचणी पूर्ण केली २४ जणांनी. असायक्लोव्हिर चालू असताना ११ जणांना बरं वाटलं, प्लासिबो चालू असताना १० जणांना. शिवाय शिरेतून औषध घेताना तिघांची किडनी तात्पुरती बंद पडली.

हे वाचून मी थबकले. मग असंही वाटलं, की ते ३५-४० वर्षांपूर्वीचं औषध, आताची वेगळी असतील. म्हणून विचारते आहे. या क्षेत्रातलं कोणी आहे का इथे? कोणी घेतलंय का? आईला काय सांगू?

रंकाळा

केतकीताई, वाचून गलबलून आलं. मला चिकनगुनिया झाला होता, २००६ च्या साथीत. ताप चार दिवस, पण सांधे पुढे दीड-दोन वर्षं धरलेले. सकाळी चपलेचा अंगठा धरता येत नव्हता. त्याबरोबर हा असला थकवा. आमच्याकडे तेव्हा गल्लीच्या गल्ली लंगडत होती म्हणून कोणी आळशी म्हटलं नाही, एवढंच सुख. भावाला एकट्याला झालंय म्हणून त्याला जास्त भोगावं लागतंय.

मला कोणी विषाणूवरचं औषध दिलं नव्हतं. होतं का तेव्हा?

स्टेथो

मी नागपुरात एमडी मेडिसिन आहे, संसर्गजन्य रोगांचं काम बरंच करतो. भावाला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मत देणार नाही. औषधांबद्दल बोलतो.

रंकाळा, नव्हतं आणि आजही चिकनगुनियावर मान्यताप्राप्त अँटिव्हायरल नाही. त्याच साथीत हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर क्लोरोक्विन देऊन पाहिलं होतं, फायदा दिसला नाही.

आता आयजीजी. सगळ्यात आधी हा गैरसमज दूर व्हायला हवा. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात ईबीव्हीचा आयजीजी सापडतो. एचएचव्ही-६ तर बहुतेकांना वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत होऊन गेलेला असतो. आयजीजी म्हणजे 'हा विषाणू तुमच्या शरीरात कधीतरी आला होता' एवढीच नोंद. आकडा मोठा असला म्हणजे विषाणू आज धुमाकूळ घालतोय असं नाही, वेगवेगळ्या लॅबचे आकडेही एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सध्या विषाणू वाढतोय का हे पाहायचं तर रक्तातला त्याचा डीएनए पीसीआरने मोजतात, आणि एमई/सीएफएसच्या बहुसंख्य रुग्णांत तो निरोगी माणसापेक्षा वेगळा दिसत नाही.

दुसरी गोष्ट औषध चालतं कसं याची. कांजिण्या आपल्याला लहानपणी होतात, बऱ्या होतात, पण तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये राहतो आणि पन्नाशी-साठीत नागीण होऊन बाहेर येतो. ईबीव्ही तसाच बी-पेशींत (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत) राहतो. असायक्लोव्हिरच्या कुळातली औषधं विषाणू स्वतःच्या प्रती काढत असेल तेव्हाच काम करतात. असायक्लोव्हिर तर विषाणूच्याच एका एन्झाइमने चालू होतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी. ही फार सुंदर कल्पना होती, गरट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा आहे. पण विषाणू झोपलेला असेल तर औषधाला पकडायला काही नसतं. शेतकरी घरातल्यांना चटकन समजेल: तणनाशक पानांवर पडलं तर उगवलेलं तण जळतं, जमिनीत पडून असलेल्या बियांना काही होत नाही.

व्हॅलगॅनसायक्लोव्हिर मी वापरतो. किडनी ट्रान्सप्लांटच्या रुग्णांत सीएमव्ही (ईबीव्हीच्याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू) रोखायला, एचआयव्हीच्या रुग्णांत डोळ्याच्या पडद्याला सीएमव्ही झाला तर. तिथे ते डोळे आणि जीव वाचवतं. पण ते साधं औषध नाही. पांढऱ्या पेशी इतक्या खाली येऊ शकतात की साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतेल. त्याच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात ठळक इशारा आहे: रक्तपेशी घटणं, प्रजननक्षमतेवर परिणाम, गर्भाला इजा, कर्करोगाची शक्यता. घेणाऱ्या पुरुषानेही औषध संपल्यावर ९० दिवस मूल होऊ न देण्याची काळजी घ्यायची असते. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वारंवार बघावं लागतं, किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो. मेडिकलमधून आणून घरी सुरू करण्याचं हे औषध नव्हे. कृपया करू नका.

तापीकाठ

डॉक्टरांचा मान राखून वेगळी बाजू मांडतो. मला हेपॅटायटिस सी होता. रक्त चढवण्यातून आला असावा. आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली, प्रत्येक इंजेक्शनला ताप, केस गळाले, मन इतकं खचलं की घरच्यांनी मला एकटं सोडलं नाही. उपयोग शून्य. मग सोफोसबुव्हिर आलं. रोज गोळी, १२ आठवडे. विषाणू गेला, परत आला नाही. तो जो कायमचा शीण होता तोही हळूहळू गेला. तेव्हाही लोक म्हणत होते, जुना व्हायरल आजार बरा होत नसतो. म्हणून केतकीताईंच्या आईची आशा मला चुकीची वाटत नाही.

स्टेथो

तापीकाठ, तुमचा अनुभव सोन्यासारखा आहे आणि या चर्चेत तो हवाच होता. सोफोसबुव्हिरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा तिथे एका कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि किंमत इतकी उतरली की आपल्याकडचे सामान्य लोक बरे झाले. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. माझ्या कारकिर्दीत मी पाहिलेली ही सगळ्यात मोठी विजयकथा.

पण ती का जमली ते बघा. हेपॅटायटिस सीचा विषाणू यकृताच्या पेशीत सतत प्रती काढत असतो, पेशीच्या केंद्रकात घुसून दडत नाही. प्रती काढणं थांबवलं की तो संपतो. आणि तो मोजता येतो: आज इतके लाख, चार आठवड्यांनी शून्य. औषध चालतंय की नाही हे रुग्णाला विचारावंही लागत नाही. उलट हेपॅटायटिस बी केंद्रकात आपली एक चिवट प्रत ठेवतो, एचआयव्ही आपल्याच डीएनएमध्ये जाऊन बसतो. म्हणून त्यांची औषधं बहुतेकांना वर्षानुवर्षं किंवा आयुष्यभर घ्यावी लागतात.

एमई/सीएफएसमध्ये कोणता विषाणू, कुठे आणि आज हजर आहे का, हेच ठरलेलं नाही. निशाणाच दिसत नसेल तर बाण कितीही चांगला असून उपयोग नाही.

विदावेल्हाळ

औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र हे माझं रोजचं काम. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरबद्दल 'अमेरिकेत लोक उठून उभे राहिलेत' हे जे सांगितलं गेलं त्याचा उगम मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

२००६ मध्ये स्टॅनफर्डच्या होसे मोंतोया यांच्या गटाने १२ रुग्णांचा अनुभव छापला. दोन्ही विषाणूंच्या अँटिबॉडी जास्त असलेले, म्हणजे अगदी तुमच्या भावासारखे. १२ पैकी ९ जण खूप सुधारले. बातमी जगभर गेली. पण त्यात प्लासिबो गट नव्हता, आपण काय घेतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग त्यांनीच योग्य ती पुढची पायरी घेतली, त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. ३० रुग्ण, २० जणांना औषध, १० जणांना प्लासिबो, कोणाला काय मिळतंय हे दोन्ही बाजूंना माहीत नाही. निकाल २०१३ मध्ये आला. मानसिक थकवा आणि आकलन यांत औषधाच्या गटाला थोडा जास्त फायदा दिसला. सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र फार कमी लोक वाचतात: विषाणूंच्या अँटिबॉडींमध्ये दोन्ही गटांत फरक पडला नाही. फरक पडला तो रक्तातल्या मोनोसाइट पेशींत, त्या कमी झाल्या. म्हणजे जो काही फायदा झाला असेल तो विषाणू मेल्यामुळेच झाला असं म्हणता येत नाही. औषधाने प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काहीतरी केलं असण्याची शक्यता उरते. आणि तसं असेल तर अँटिबॉडीचा आकडा बघून औषध द्यायचं की नाही हे ठरवणं निरर्थक होतं.

३० जणांच्या चाचणीवर कोणीही इमारत बांधू नये. का ते सांगायला नॉर्वेचं उदाहरण पुरेसं आहे. बर्गनच्या हौकेलँड रुग्णालयात फ्लूगे आणि मेला हे दोन कर्करोगतज्ज्ञ. त्यांच्या लक्षात आलं की कर्करोगासाठी औषध दिलेल्या एका रुग्णाचा हा थकव्याचा आजारही हलका झाला. २०११ मध्ये त्यांनी रिटुक्सिमॅबची (बी-पेशी संपवणारं कर्करोगावरचं औषध) ३० जणांची अशीच डबल ब्लाइंड चाचणी छापली: औषधाच्या गटात ६७ टक्के सुधारले, प्लासिबोत १३ टक्के. जगभरचे रुग्ण रडले असतील आनंदाने. अनेकांनी खाजगीत पैसे भरून ते घेतलं. मग त्याच दोघांनी १५१ जणांची मोठी चाचणी केली, २०१९ मध्ये छापली. औषधाच्या गटात २६ टक्के सुधारले, प्लासिबोच्या गटात ३५ टक्के.

हे आकडे पुन्हा वाचा. पहिल्या चाचणीत कोणी खोटं बोललं नव्हतं. हा आजार वर-खाली होतो, माणूस सगळ्यात वाईट काळात असतो तेव्हाच चाचणीत नाव घालतो, पुढे थोडं बरं वाटणं ठरलेलंच असतं. त्यात आशा, डॉक्टरांचं लक्ष, दर आठवड्याची विचारपूस. छोट्या गटात हे सगळं एका बाजूला झुकू शकतं. ज्यांनी स्वतःच्याच आशेवर पाणी फिरवणारी चाचणी प्रामाणिकपणे छापली, त्या दोघांना माझा मनापासून नमस्कार आहे.

आजोळ

इतक्या विषारी गोळ्यांपेक्षा गुळवेल सत्व का देत नाही? प्रतिकारशक्ती वाढते, साइड इफेक्ट नाही. आमच्याकडे कोविडमध्ये सगळ्यांनी घेतला.

स्टेथो

आजोळ, हेतू चांगला आहे, पण 'साइड इफेक्ट नाही' हे खरं नाही. कोविडच्या पहिल्या वर्षात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये छापली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण काविळीच्या खुणा दिसल्या तर मी गुळवेल आधी बंद करायला सांगतो. शिवाय या आजारात प्रतिकारशक्ती कमी आहे की नको तितकी चेतलेली आहे, हेच जिथे वादात आहे, तिथे 'वाढवणारं' काही देणं म्हणजे अंधारात पाऊल. यात मी आयुर्वेद किंवा अ‍ॅलोपथी असा भेद करत नाही, दोन्हीकडे पुरावा एकच मागतो.

हडसनवारा

न्यू जर्सीहून. मी स्वतः या आजाराची रुग्ण आहे, वीस वर्षं होत आली. हे लिहायला मला बरेच दिवस लागतील असं वाटून टाळत होते, पण केतकी, तुझ्यासाठी लिहिते. तुकड्यातुकड्यांत लिहीन.

ऑक्टोबर २००९. 'सायन्स' या नियतकालिकात बातमी: रेनोच्या व्हिटमोर पीटरसन संस्थेला १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा रेट्रोव्हायरस सापडला, निरोगी लोकांत २१८ पैकी फक्त ८ जणांत. मी तो दिवस विसरणार नाही. इतकी वर्षं 'तुझ्या डोक्यात आहे' ऐकल्यावर कोणीतरी म्हणत होतं, तुझ्या रक्तात आहे. आमच्या गटातल्या बायका एकमेकींना फोन करून रडत होत्या. रेट्रोव्हायरस म्हणजे एचआयव्हीच्या जातीचा, आणि एचआयव्हीची औषधं तर तयारच होती. काहींनी डॉक्टर गाठून टेनोफोव्हिर, राल्टेग्राव्हिर, एझेडटी सुरू केलं. मला मोह झाला नव्हता असं नाही. माझ्या डॉक्टरबाईंनी थांबायला सांगितलं, दुसऱ्या प्रयोगशाळेला सापडू दे म्हणाल्या.

दुसऱ्या प्रयोगशाळांना सापडला नाही. २०१० मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने आमचं रक्तदान नाकारलं, तोवर आम्ही सगळे स्वतःला लागण झालेले समजत होतो. मग २०११ मध्ये उलगडा झाला: प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी उंदरांमध्ये वाढवताना नव्वदच्या दशकात प्रयोगशाळेतच उंदरांच्या दोन विषाणूंचे तुकडे जुळून हा तयार झाला होता. नमुन्यांत तो मिसळला गेला होता. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'ने तो लेख मागे घेतला. २०१२ मध्ये इयन लिपकिन यांनी १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी लोक तपासून शिक्कामोर्तब केलं, कोणातच नाही.

औषध घेतलेल्यांपैकी काहींना बरं वाटलं होतं. नसलेल्या विषाणूवरच्या औषधाने. विदावेल्हाळ म्हणतात ते मी अशा रीतीने डोळ्यांनी पाहिलं आहे.

हडसनवारा

(पुढे) अँप्लिजेनबद्दल कोणी लिहिलं नाही, ते मला माहीत असलेलं लिहिते. हे खरं प्रयोगातलं औषध, शास्त्रीय नाव रिंटाटोलिमॉड. कृत्रिम दोन-पदरी आरएनए. शरीराला वाटतं विषाणू आला, टीएलआर-३ नावाच्या दारावर थाप पडते आणि प्रतिकारशक्ती जागी होते. म्हणजे विषाणूला थेट मारत नाही. आठवड्यातून दोनदा सलाईनमधून घ्यावं लागतं. त्याच पीटरसन यांच्या इन्क्लाइन व्हिलेजच्या दवाखान्यात ते दिलं जायचं, आणि त्यासाठी लोक घर बदलून तिथे राहायला गेले. बरेचसे रुग्ण औषधाचा खर्च स्वतःच्या खिशातून भरत. काही खरोखर सुधारले, बंद केल्यावर काही पुन्हा पडले.

१९९४ मध्ये ९२ जणांची चाचणी आली, २०१२ मध्ये २३४ जणांची ४० आठवड्यांची. ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ औषधाच्या गटात जास्त वाढला. तरी एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, २००९ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये मान्यता नाकारली, पुरावा पुरेसा खात्रीचा नाही म्हणून. २०१६ मध्ये अर्जेंटिनाने गंभीर रुग्णांसाठी मान्यता दिली. अमेरिकेत आजही नाही.

मला याचा संताप येतो, तोही नीट सांगते. नाकारणाऱ्यांचा येत नाही. औषध कोणाला चालतं आणि कोणाला नाही हे शोधणारी मोठी, नीट पैसा असलेली चाचणी चाळीस वर्षांत झाली नाही, त्याचा येतो. ज्या आजाराचे अमेरिकेत ८ लाख ३६ हजार ते २५ लाख रुग्ण असतील असं २०१५ च्या राष्ट्रीय अहवालात लिहिलंय, त्याच्या औषधाचा भार एका छोट्या कंपनीवर आणि रुग्णांच्या खिशावर टाकून सगळे मोकळे झाले.

निशिगंध_

इथे सगळे 'थांबा' म्हणतायत. पण थांबायचं कोणी? पलंगावर पडलेल्या माणसाने. माझी मुलगी कोविडनंतर चार वर्षं अशीच आहे, बारावीची परीक्षा देऊ शकली नाही. डॉक्टर लोकांना पुरावा लागतो, आम्हाला मुलगी लागते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी माझ्या नवऱ्यासाठी रेमडेसिव्हिर शोधत रात्रभर फिरले आहे, दहापट पैसे द्यायला तयार होते. तेव्हा कोणी पुरावा विचारला नाही, प्रत्येक चिठ्ठीवर तेच लिहून दिलं होतं.

विदावेल्हाळ

निशिगंधताई, त्या एप्रिलमध्ये माझी बहीणही अशीच रांगेत उभी होती. आणि तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारो रुग्णांच्या सॉलिडॅरिटी चाचणीतून निकाल आला होता, की दाखल रुग्णांच्या मृत्यूत रेमडेसिव्हिरने फारसा फरक पडत नाही. ते चिठ्ठी लिहिणाऱ्यांपर्यंत आणि तुमच्यापर्यंत पोचलं असतं तर ती रात्र तुम्हाला नवऱ्याच्या उशाशी बसता आलं असतं. मी पुराव्याचा आग्रह धरतो तो याच कारणाने. तो आग्रह रुग्णाच्या विरुद्ध नाही, रुग्णाच्या बाजूचा आहे.

तुमच्या मुलीच्या आजारावर चाचण्या होत आहेत. कोविडचा विषाणू किंवा त्याचे तुकडे काही लोकांच्या आतड्यात, ऊतींत महिनोन्‌महिने सापडतात, त्यावरून पॅक्सलोव्हिड हे कोविडवरचं विषाणूविरोधी औषध जास्त दिवस द्यावं ही कल्पना आली. स्टॅनफर्डने १५५ जणांना १५ दिवस दिलं, निकाल २०२४ मध्ये आला: प्लासिबोपेक्षा फायदा नाही. येलच्या १०० जणांच्या चाचणीतही तेच. याचा अर्थ विषाणू राहत नाही असा होत नाही. १५ दिवस कमी पडले असतील, औषध त्या जागी पोचत नसेल, किंवा सगळ्यांत विषाणू नसून काहींतच असेल आणि ते काही वेगळे काढता येत नसतील. प्रश्न अजून उघडा आहे.

स्टेथो

विदावेल्हाळ यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. विषाणू आणि दीर्घ आजार यांचा संबंधच नाही असं कोणी समजू नये. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींतून दिसलं, की ईबीव्हीची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका दीर्घ आजाराचा) धोका ३२ पटींनी वाढतो. म्हणजे ९० टक्के लोकांत निरुपद्रवी राहणारा विषाणू काहींच्या मेंदूचं कायमचं नुकसान सुरू करून देऊ शकतो.

रंकाळा, तुमच्यासाठी एक खास. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावाच्या परिसरात २५३ जणांना आजारपणाच्या पहिल्या दिवसांपासून धरून ठेवलं, पुढे वर्षभर पाहिलं. काहींना ईबीव्ही, काहींना क्यू फीवर (जनावरांपासून होणारा जिवाणूचा ताप), काहींना रॉस रिव्हर (डासांतून येणारा विषाणू), जो तुमच्या चिकनगुनियाचा सख्खा चुलतभाऊ. २००६ मध्ये छापलं. तिन्ही आजारांत, जंतू पूर्ण वेगळे असूनही, सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोक अशाच थकव्याने आजारी होते. आधीचा स्वभाव किंवा मानसिक त्रास यांवरून ते ठरलं नाही, सुरुवातीचा आजार किती जोरदार होता यावरून ठरलं. म्हणून 'मनाचं आहे' म्हणणाऱ्यांना हा अभ्यास दाखवा. तीन वेगळे जंतू एकाच मुक्कामाला पोचवत असतील तर बिघाड बहुधा शरीराच्या उत्तरात आहे, एका ठराविक जंतूत नाही. मला वाटतं पुढचं खरं औषध तिथे सापडेल.

रंकाळा

डॉक्टर, वीस वर्षांनी कळलं. माझ्या आईला वाचून दाखवतो, ती अजून म्हणते तू तेव्हा फार कुरकुर केलीस. केतकीताई, एक विचारू? भावाला रोज सकाळी थोडं चालवता का? माझे सांधे त्यानेच सुटले.

हडसनवारा

रंकाळा, सांध्यांसाठी बरोबर, याच्यासाठी घातक. श्रमांनंतर दुसऱ्या दिवशी कोसळणं हे या आजाराचं मुख्य लक्षण आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. मी सुरुवातीला जिद्दीने चालत राहिले होते, घरच्यांना बरं वाटावं म्हणून. आज मी व्हीलचेअरवर आहे. केतकी, त्याची शक्ती संपण्याच्या आधी त्याला थांबू दे. त्याला अपराधी वाटू देऊ नकोस. आज आपल्या हातात असलेलं हे एकमेव औषध आहे आणि त्याला चिठ्ठी लागत नाही.

केतकीवन

सगळ्यांचे आभार कसे मानू. हडसनवारा, तुम्ही किती त्रास घेऊन लिहिलंत ते आता मला कळतं.

काल आई-बाबांना आणि भावाला हे सगळं वाचून दाखवलं, भावाला थोडं थोडं करून. तापीकाठ यांचा अनुभव ऐकताना आईचे डोळे भरून आले, म्हणाली हे खरंय ना, मग आपल्यालाच का नाही. डॉक्टरांचं तणाचं उदाहरण बाबांना पटलं, त्यांनीच आईला सांगितलं. १५१ जणांच्या चाचणीचे आकडे भावाने स्वतः दोनदा वाचले आणि म्हणाला, मला घ्यायचं नाही. निर्णय त्याने घेतला याचं मला सगळ्यात बरं वाटलं. मुंबईच्या डॉक्टरांशीही बोललो. त्यांनी उभं राहिल्यावर नाडी किती वाढते ते दहा मिनिटं मोजून पाहिलं, बरीच वाढते. त्याच्यावर उपचार आहेत म्हणाले, मीठ-पाणी, पायाला घट्ट मोजे, लागलं तर गोळी. दोन वर्षांत हे कोणी पाहिलंच नव्हतं.

एकच विचारायचं राहिलं. भावाला चाचणीत भाग घ्यायची इच्छा आहे, भारतात कुठे झाली तर. ते कसं शोधायचं आणि फसवणूक कशी ओळखायची?

विदावेल्हाळ

सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, जून २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे करणं बंधनकारक आहे. आजाराचं नाव इंग्रजीत टाकून शोधा, 'पोस्ट कोविड' आणि 'फटीग' हेही टाकून पाहा. कोणी चाचणी म्हणून बोलावलं तर आधी नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर परत या.

प्रयोगातल्या औषधाचे तुमच्याकडून पैसे मागितले तर तिथेच थांबा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही त्याच दिवशी करायचा आग्रह कोणी धरत असेल तर करू नका. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळायला हवी. संमतीपत्रात हे लिहिलेलं आहे का आणि नैतिक समितीचा फोन नंबर आहे का ते बघा. प्लासिबो गट आहे का हेही विचारा. प्लासिबो मिळेल म्हणून घाबरू नका, तो गट नसेल तर मात्र भावाचा वेळ आणि शक्ती वाया जाण्याची शक्यता जास्त. आणि किती वेळा जावं लागेल ते विचारा, कारण त्याच्यासाठी प्रवास हाच मोठा डोस आहे. रक्त घरी येऊन नेणार असतील तर उत्तम.

निशिगंध_

नोंदणीच्या शोधाची ती पानं मीही उघडली. इंग्रजी फार अवघड आहे. कोणी दर महिन्याला या दोन आजारांच्या नव्या चाचण्या बघून इथे मराठीत लिहील का?

विदावेल्हाळ

मी लिहितो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, याच धाग्यावर. डॉक्टर, धोक्यांचा भाग तुम्ही तपासून द्याल का?

स्टेथो

देईन. आधी मला व्यक्तिगत निरोप करा, मग टाका.